पिवळा रुमाल कुणावर टाकायचा?

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, फराळाच्या ताटापाशी वाद नको, असे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत आहे. मत चांगले आहे. पण मला ते पाळता येत नाही, कारण हे भांडणच मुळी दिवाळीच्या पाठोपाठ सुरू झाले. गोष्ट 2025 सालची. भाऊबीज होऊन दहा-अकरा दिवस झाले होते, गावात तुळशीची लग्ने चालू होती, आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्यावा म्हणून दारावरचा आकाशकंदील आम्ही अजून उतरवला नव्हता. सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला अमेरिकेतून माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडे तेव्हा रविवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. इतक्या अवेळी फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच उठला. भाचा रडवेल्या आवाजात म्हणाला, "मामा, आमच्या पोराचा हात गेला हो!"

भाच्याचे लग्न व्हायचे आहे, हे मला पक्के ठाऊक. मग हा पोर कुठला? पाच मिनिटांच्या उलटतपासणीनंतर उलगडा झाला. पोर म्हणजे जेडन डॅनियल्स. भाच्याचा जीव की प्राण असलेल्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. त्याचा डावा कोपर निखळला होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सहज विचारले, "धावफलक काय होता?" भाचा म्हणाला, "अडतीस-सात. आम्ही सात." "आणि वेळ किती उरला होता?" "सातएक मिनिटे." मी म्हटले, "मग तो मैदानात काय करीत होता?" फोनवर क्षणभर शांतता पसरली, आणि मग भाचा जे बोलला ते वाक्य मी विसरलेलो नाही. "मामा, तुम्हाला हा खेळ कळत नाही."

खरेच आहे. मॅट्रिकपुढे मजल न गेलेला मी एक मास्तर. कादंबऱ्या लिहितो, त्यातही खेळाडू कधी आला नाही. पण त्या एका वाक्याने मला असे डिवचले, की नंतरचे कित्येक महिने मी हा खेळ पाहिला, वाचला, आणि भाच्याशी दर आठवड्याला भांडलो. त्या भांडणात माझे जे म्हणणे पक्के झाले, ते आज वाचकांपुढे मांडतो. म्हणणे एवढेच: क्वार्टरबॅकचे हातपाय प्रतिस्पर्ध्यापासून वाचवण्यासाठी अमेरिकनांनी नियमांचे पुस्तक जाडजूड करून ठेवले आहे, पण त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षकापासून त्याला वाचवणारी व्यवस्था अर्धीच उभी राहिली आहे. आणि जोवर ती पुरी होत नाही, तोवर "पोरगा स्वतःच खेळायला मागत होता" ही सबब कुणाही प्रशिक्षकाच्या तोंडी शोभत नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांच्या हाती. दर प्रयत्नाला चेंडू प्रथम ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात, आणि समोरचे तितकेच धिप्पाड गडी ती भिंत फोडून त्याच्यावर धावून येत असतात. अशा तीन-चार सेकंदांत त्याने पाहायचे, ठरवायचे आणि दूर धावणाऱ्या आपल्या गड्याच्या हाती चेंडू अचूक फेकायचा. ज्या क्षणी तो फेकण्यासाठी हात उचलतो, त्या क्षणी त्याच्या बरगड्या, त्याचे गुडघे, त्याचे डोके, सारे उघडे असते. सगळे मैदान त्याच्याकडे पाहत असते आणि तो स्वतःकडे पाहू शकत नाही.

म्हणूनच त्याच्यासाठी खास नियम आहेत. 2008 साली टॉम ब्रेडी या विख्यात क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर एक गडी खालून आदळला आणि ब्रेडीचा सगळा हंगाम बुडाला. 2009 साली नियम कडक झाला, की जमिनीवर पडलेल्या गड्याने क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर झेप घेऊ नये. 2017 साली अॅरन रॉजर्स याला पाडताना वरून सगळे वजन अंगावर आले आणि त्याच्या खांद्याजवळचे हाड मोडले. 2018 पासून क्वार्टरबॅकवर शरीराचा सगळा भार टाकून पाडणे हा गुन्हा म्हणून कसोशीने पाहिला जाऊ लागला. असा गुन्हा घडला की पंच कमरेचा पिवळा रुमाल काढून मैदानावर फेकतात. दंड पंधरा यार्ड. व्यवस्था उत्तम आहे. पण माझा प्रश्न असा आहे, की ज्याने डॅनियल्सला 38-7 असताना मैदानात ठेवले, त्याच्यावर पिवळा रुमाल कुणी टाकायचा?

मास्तर आहे, म्हणून फळ्यावर हिशेब मांडतो. संघ 31 गुणांनी मागे. या खेळात एका वेळी मिळून मिळून आठ गुण मिळतात. म्हणजे बरोबरी करून पुढे जायला निदान चार वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार न्यायला हवा, आणि तेवढ्या वेळात प्रतिस्पर्ध्याने एकही गुण करता कामा नये. तेही सात-साडेसात मिनिटांत. आमच्या सहावीतल्या पोरालासुद्धा हे गणित तोंडी सुटेल. तराजूच्या एका पारड्यात मिळण्याजोगे असे काही नाही. दुसऱ्या पारड्यात पंचवीस वर्षांच्या आतल्या त्या पोराचे हातपाय. तेही कसे? त्याच हंगामात आधी गुडघा दुखावून तो दोन सामने बसला होता. मग मांडीमागचा स्नायू ओढला गेला म्हणून आणखी एक सामना बसला. आणि या सामन्यात नुकता परत आला होता. राखीव क्वार्टरबॅक मार्कस मारिओटा हा अनेक वर्षांचा अनुभवी गडी बाजूला उभा होता. तरी डॅनियल्सच आत राहिला. पडताना डावा हात जमिनीवर टेकला, वर भार आला, आणि कोपर उलटा वळला. सामना शेवटी 38-14 असा संपला. डिसेंबरात तो एका सामन्यापुरता परत आला, तेव्हा पुन्हा तोच कोपर दुखावला, आणि उरलेला हंगाम त्याने बाहेर काढला.

प्रशिक्षक डॅन क्विन यांनी नंतर चूक स्वतःची असल्याचे कबूल केले. हा माणसाचा मोठेपणा आहे, आणि तो मी मानतो. चूक कबूल करणारा प्रशिक्षक हा कबूल न करणाऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरा. पण कबुलीने कोपर जागेवर बसत नाही. शिवाय चूक मागाहून कळली, या सबबीत मला अर्थ दिसत नाही. मागाहून कळण्यासारखे त्यात होते काय? धावफलक काही लपवलेला नव्हता. हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत झळकत होता.

भाच्याचा पहिला प्रतिवाद असा. "मामा, दुखापत काय, पहिल्या मिनिटालाही होऊ शकते. मग सामनेच खेळू नयेत का?" बरोबर आहे. 11 सप्टेंबर 2023 रोजी हाच रॉजर्स न्यूयॉर्कच्या जेट्स संघाकडून आपला पहिलावहिला सामना खेळायला उतरला, आणि चौथ्या खेळीतच त्याच्या टाचेची शीर तुटली. भाच्याच्याच संघाचे पाहा. 18 नोव्हेंबर 1985 रोजी जो थाइझमन याचा उजवा पाय साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत टीव्हीवर मोडला. त्याच संघाचा अॅलेक्स स्मिथ 2018 साली, नेमक्या 18 नोव्हेंबरलाच, तसाच उजवा पाय मोडून घेऊन पडला. जखमेत विष पसरले, सतरा शस्त्रक्रिया झाल्या, पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. आणि तो बहाद्दर 2020 साली पुन्हा मैदानात उतरला. यांपैकी कुठल्याही प्रशिक्षकाला मी दोष दिलेला नाही, देणारही नाही. सामना रंगात असताना, निकाल लागायचा असताना जे घडते तो खेळातला धोका. तो खेळाडूने पत्करलेला असतो. पण निकाल लागून चुकल्यावर, किंवा शरीर आधीच मोडलेले दिसत असताना जे घडते, ते दैव नव्हे. तो निर्णय असतो. दैवाला जाब विचारता येत नाही. निर्णयाला विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे.

याचे सर्वांत शरम वाटावे असे उदाहरण 2013 सालच्या ऑगस्टमधले. हंगाम सुरू होण्याआधी हे संघ काही सराव-सामने खेळतात. त्यांचा गुणतक्त्याशी काडीचा संबंध नसतो. अशा एका सामन्यात, तेही शेवटच्या चतुर्थांशात, जेट्सचे प्रशिक्षक रेक्स रायन यांनी आपला अनुभवी क्वार्टरबॅक मार्क सांचेझ याला राखीव गड्यांच्या भिंतीमागे उभे केले. खांदा गेला, आणि अख्खा हंगाम गेला. कारण विचारल्यावर उत्तर काय, तर आपल्याला सामना जिंकायचा होता! ज्या सामन्याची नोंद कुठे धरली जात नाही, तो सामना.

भाच्याचा दुसरा प्रतिवाद अधिक टोकदार होता, आणि या लेखाचे खरे कारण तोच आहे. तो म्हणाला, "मामा, पोरगा स्वतः बाहेर यायला तयार नसतो. तो लढवय्या असतो. त्याला ओढून बाहेर काढणे हा त्याचा अपमान आहे."

यावर मी त्याला त्याच्याच संघाची तेरा वर्षांपूर्वीची कहाणी ऐकवली. तेव्हा तो इकडे शाळेत शिकत होता. त्याला ती ठाऊक नव्हती. वाचकांनीही ती ऐकावी, कारण तिच्यात अख्खा प्रश्न भरलेला आहे.

2012 साली वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिन नावाचा तरुण क्वार्टरबॅक घेतला. महाविद्यालयीन खेळातला सर्वोच्च मान त्याला मिळालेला. नवीन खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक दुसरा. आणि तो दुसरा क्रमांक मिळवण्यासाठी संघाने पहिल्या फेरीतले तीन आणि दुसऱ्या फेरीतला एक, असे निवडीचे चार हक्क दुसऱ्या संघाला देऊन टाकले होते. घरातले दागिने विकून घोडा घ्यावा तसे. घोडाही तसाच निघाला. पळण्यात वारा, फेकण्यात बाण. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू तोच ठरला.

9 डिसेंबर 2012 रोजी बाल्टिमोरविरुद्ध त्याचा उजवा गुडघा दुखावला. हाच गुडघा महाविद्यालयात असताना 2009 सालीही फाटला होता. एक खेळी बाहेर राहून तो परत आत आला आणि लंगडत खेळला. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी सांगितले, की डॉक्टरांचा होकार होता. पण जगद्विख्यात शल्यविशारद जेम्स अँड्र्यूज, जे त्या वेळी मैदानाच्या कडेला हजर होते, त्यांनी पुढे एका वर्तमानपत्राला सांगितले, की ग्रिफिनने आपल्याला तपासूच दिले नाही. तो खेळाडूंच्या गर्दीतून फिरून सरळ आत निघून गेला. पुढच्या रविवारी राखीव क्वार्टरबॅक कर्क कझिन्स खेळला, आणि संघ 38-21 असा जिंकला. म्हणजे बाकावर बसलेला गडी काही कच्चा नव्हता. हाच कझिन्स पुढे कितीतरी वर्षे मिनेसोटाच्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता. पण त्यानंतरच्या रविवारी ग्रिफिन गुडघ्याला पट्टा बांधून परत आला.

6 जानेवारी 2013. बाद फेरीचा सामना, स्वतःच्या मैदानावर, सिअॅटलविरुद्ध. वॉशिंग्टन सुरुवातीलाच 14-0 असे पुढे गेले. पण त्याच पहिल्या चतुर्थांशात ग्रिफिनचा गुडघा पुन्हा लचकला. तिथून पुढे तो एका पायावर खेळत होता. हे सांगायला डॉक्टर नको होता. प्रेक्षागारात शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीबाईलाही ते दिसत होते. मध्यंतर गेले, तिसरा चतुर्थांश गेला. आघाडीही गेली. आणि शेवटच्या चतुर्थांशात खाली आलेला चेंडू उचलायला तो वाकला, तेव्हा कुणाचाही धक्का न लागता त्याचा गुडघा आतल्या आत मुडपला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. सामना 24-14 असा हातचा गेला. तीन दिवसांनी त्याच डॉक्टर अँड्र्यूज यांनी त्याच्या गुडघ्यातली दोन लिगामेंट दुरुस्त केली. ग्रिफिन पुन्हा खेळला. पण त्या पहिल्या वर्षीची झळाळी पुन्हा कधी आली नाही.

सामन्यानंतर शॅनहन यांनी सांगितले, की ग्रिफिनच आपल्याला म्हणाला, दुखते आहे, पण ही दुखापत नव्हे. आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. वाचकहो, इथे थोडे थांबा. दुखणे आणि दुखापत यांतला भेद कुणी करायचा? ज्याचा गुडघा फाटलेला आहे, ज्याच्या नावाने हजारो लोक ओरडत आहेत, ज्याच्यासाठी घरातले दागिने विकले गेले आहेत, त्या बावीस वर्षांच्या पोराने? त्याला तुम्ही विचारणार, "खेळशील का?" आणि त्याने "नाही" म्हणावे अशी तुमची अपेक्षा? ज्या प्रश्नाला एकच उत्तर येऊ शकते, तो प्रश्नच नव्हे. तो स्वतःची जबाबदारी दुसऱ्याच्या खिशात सरकवण्याचा एक प्रकार आहे.

आणि कहाणीचा शेवट ऐका. वर्षभराने, डिसेंबर 2013 मध्ये, संघ तेरापैकी दहा सामने हरून बसला असताना याच प्रशिक्षकांनी ग्रिफिनला उरलेल्या तिन्ही सामन्यांतून बसवले. कारण काय दिले? त्याला दुखापत होऊ नये म्हणून! म्हणजे खेळाडूला बसवण्याचा अधिकार प्रशिक्षकाला असतो, त्यासाठी खेळाडूची परवानगी लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते तर! जे 2013 च्या डिसेंबरात ठाऊक होते, ते जानेवारीत ठाऊक नव्हते काय? महिना संपायच्या आत शॅनहन यांचीही नोकरी गेली.

आता 2025 कडे वळून पाहा. डॅनियल्सही दुसऱ्याच क्रमांकावर निवडलेला. त्यालाही महाविद्यालयीन खेळातला तोच मान, त्यालाही पहिल्या वर्षी तोच किताब. मैदान तेच, फक्त नाव बदललेले. समोरचा संघही तोच, सिअॅटल. आणि हातपाय मोडला तोही शेवटच्या चतुर्थांशातच. हे ऐकल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मला वाटले, फोन कटला.

तिसरा प्रतिवाद डॉक्टरांचा. भाचा म्हणतो, आता नियम झाले आहेत, मैदानाच्या कडेला स्वतंत्र डॉक्टर असतात. असतात, 2013 पासून डोक्याच्या माराकरिता संघाशी संबंध नसलेला तज्ज्ञ तिथे हजर असतो. तरीही 25 सप्टेंबर 2022 रोजी मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हायलोआ याचे डोके जमिनीवर आपटले, तो उठला, डोके झटकले, आणि चार पावले टाकताच झोकांडी खाऊन पडला. हे सर्वांनी पाहिले. सांगितले गेले की पाठ दुखावली आहे, आणि उत्तरार्धात तो परत मैदानात आला. चारच दिवसांनी, 29 सप्टेंबरला, सिनसिनाटीविरुद्ध त्याला असे आपटले गेले की त्याच्या हाताची बोटे वाकडी होऊन हवेत ताठ राहिली आणि त्याला फळीवरून बाहेर न्यावे लागले. चौकशी झाली. निष्कर्ष असा, की कागदावरची पद्धत पाळली गेली होती, पण जे घडले ते त्या पद्धतीला अभिप्रेत नव्हते! मग ऑक्टोबरमध्ये नियमात भर पडली: तोल जाताना दिसला, तर कारण काहीही असो, त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही.

या नव्या कलमातले मर्म पाहा. त्यात खेळाडूला काही विचारायचे नाही. प्रशिक्षकालाही विचारायचे नाही. "कारण काहीही असो." मला हवे आहे ते हेच. डोक्यासाठी जे 2022 साली सुचले, ते गुडघ्यासाठी, खांद्यासाठी, कोपरासाठी का सुचू नये? हाडांच्या आणि सांध्यांच्या बाबतीत खेळाडूला तपासणारा डॉक्टर आजही संघाचाच असतो. पगार देणारा धनी एक आणि तपासायचा रोगी दुसरा. तिथेही संघाशी संबंध नसलेला तज्ज्ञ बसवा, आणि लंगडणारा गडी त्याच्या लेखी परवानगीवाचून आत जाणार नाही असे कलम करा. दुसरे, प्रत्येक प्रशिक्षकाने हंगाम सुरू होण्याआधीच जाहीर करावे, की शेवटच्या चतुर्थांशात अमुक गुणांचा फरक पडला की मुख्य क्वार्टरबॅक बाहेर. आधी ठरले म्हणजे ऐनवेळी रक्त तापल्यावर ठरवावे लागत नाही, आणि पोरालाही ते अपमान वाटत नाही. राहिला लढवय्येपणा. मारिओटा आत गेला असता तर संघाने शस्त्रे टाकली असे झाले असते काय? तो आणि त्याच्यासोबतचे दहा गडी लढले नसते काय?

इथे भाच्याने मला पकडले. "मामा, त्या दहा गड्यांचे काय? त्यांना गुडघे नाहीत? तुम्हालाही क्वार्टरबॅकच दिसतो!" हा वार वर्मी लागला, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या त्या गड्यांची नावे मलाही पाठ नाहीत. त्यांच्यासाठी असे खास नियमही नाहीत. पण यातून माझे म्हणणे खोटे ठरत नाही, उलट अधिक जड होते. ज्याच्यावर साऱ्या देशाचे डोळे लागलेले आहेत त्यालाच जर प्रशिक्षक वाचवीत नसेल, तर ज्याचे नाव कुणाला ठाऊक नाही त्याला तो काय वाचवणार? तेव्हा माझे ते लेखी परवानगीचे कलम अकराही जणांना लावा. माझी ना नाही.

आणि प्रेक्षकांनीही आपले हात पाहावेत. इंडियानापोलिसचा अँड्र्यू लक हा त्या पिढीतला सर्वांत गुणी क्वार्टरबॅक. 2015 साली त्याचा खांदा दुखावला, त्याच वर्षी मूत्रपिंडाला इजा झाली. तो खेळतच राहिला, आणि पुढे खांद्याच्या शस्त्रक्रियेपायी 2017 चा सबंध हंगाम बसून राहिला. 24 ऑगस्ट 2019 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, दुखापत, वेदना आणि उपचार यांच्या फेऱ्याला कंटाळून त्याने खेळ सोडला. बातमी सामना चालू असतानाच फुटली, आणि तो मैदानातून बाहेर पडत असताना ज्यांच्यासाठी त्याने शरीर झिजवले त्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. एकदा, फक्त एकदा, एका क्वार्टरबॅकने "मला आता पुरे" असे म्हटले, तर त्याला हे बक्षीस! आणि वर आपण म्हणतो, पोरगा स्वतःच खेळायला मागतो.

कुणी विचारील, इतक्या दूरच्या, कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या पोरांसाठी या मास्तराचा जीव एवढा का तुटतो? सांगतो. सांगणार नव्हतो, पण भाच्यालाही शेवटी सांगावे लागले.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या कबड्डी संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. तालुक्याच्या अंतिम सामन्यात आमचा सर्वांत चांगला चढाईपटू उपांत्य सामन्यात घोटा मुरगळून बसला होता. घोटा सुजून लिंबाएवढा झालेला. मी त्याच्यापाशी गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "खेळशील का रे?" तो म्हणाला, "खेळतो गुरुजी." मी बर्फ लावला, फडके आवळून बांधले आणि त्याला आत पाठवले. आम्ही जिंकलो. ढाल आली, हारतुरे झाले. त्याच्या दुसऱ्या चढाईत घोट्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला होता, हे मी कुणाला सांगितले नाही.

त्या पोराला पोलिसात जायचे होते. भरतीत सोळाशे मीटर पळावे लागते. दोनदा गेला, दोन्ही वेळा पाय मध्येच सुजला. आता बाजारपेठेत त्याचे छोटेसे दुकान आहे. बरे चालले आहे. बायको, दोन मुले, सारे ठीक. दर पाडव्याला मुलांना घेऊन फराळाचा डबा द्यायला तो घरी येतो, वाकून नमस्कार करतो, आणि वाकताना उजवा पाय थोडा बाजूला धरतो. माझी नजर तिकडे गेलेली त्याला कळते. मग तोच माझी समजूत घालतो, "गुरुजी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? खेळतो असं मीच म्हणालो होतो ना!"

आणि दर पाडव्याला मी त्याला एकच उत्तर देतो. "म्हणालास तू, पण विचारलं मी होतं."